सुट्टी देणारा माणूस

गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी मी मँचेस्टरजवळच्या एका लहान स्टेशनावर रात्रपाळीला जायला उभी होते. फलाटावरच्या पाटीवर माझ्या गाडीपुढे ‘रद्द’ असं आलं. खाली कारण होतं, गाडीवर पाठवायला कंडक्टर, म्हणजे गार्ड, नाही. पुढची गाडीही रद्द. वॉर्डवर साडेसातला पोचायचं होतं, आणि सकाळपासून बारा तास काम केलेली नर्स मी आल्याशिवाय घरी जाऊ शकत नव्हती. टॅक्सी केली. टॅक्सीत बसून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या: इथं रविवारच्या गाड्या रद्द होतात, कारण रविवारी यायचं की नाही हे गार्डच्या मर्जीवर असतं.

सकाळी पाळी संपवून फोन उघडला तर खानापुरापासून हुबळीपर्यंत सगळे त्यावर बोलून झाले होते. काका मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत. त्यांचं मत असं की १९७४ ला इंदिरा गांधींनी जसा रेल्वेचा संप मोडला तसं इथंही कुणीतरी करायला हवं. टिळकवाडीतल्या भावोजींनी लिहिलं, “एवढा पगार घेऊन रविवारी काम नको? असल्यांना घरी बसवा.” आणि हुबळीला असिस्टंट लोको पायलट, म्हणजे रेल्वे इंजिनाचा सहायक ड्रायव्हर, असलेल्या माझ्या मामेभावानं मध्यरात्री कधीतरी लिहिलं होतं, “अक्का, त्यांचा रविवार निदान रद्द झालेल्या गाडीत दिसतो तरी. माझी रेस्ट बुडते ती कुणालाच दिसत नाही.”

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काही लिहिलं नव्हतं. ते ग्रुपवर फक्त वाचतात. पण या सगळ्या वादात मला सगळ्यात जास्त आठवत राहिले ते आप्पाच.

आप्पा रेल्वेत फाटकवाले होते. देसूर आणि खानापूरच्या मधे फाटक, फाटकाला लागून क्वार्टर, आणि बारा तासांची ड्युटी. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. रेल्वेच्या हिशेबात हे काम ‘ईआय’ वर्गात येतं, म्हणजे अधूनमधून करावं लागणारं काम. दोन गाड्यांमधला वेळ आरामाचा धरला जातो. १९८९ च्या रेल्वे कायद्यात या वर्गाला आठवड्याला ७५ तासांपर्यंत राबवायची मुभा आहे, आणि विश्रांती म्हणून आठवड्यातून सलग २४ तास, ज्यात एक पूर्ण रात्र आली पाहिजे. आरामाचा धरलेला तो वेळ आप्पा कसा घालवायचे ते मी बघितलंय. जेवायला बसले तरी कान फोनच्या घंटीकडे. लग्नाची वरात फाटकाशी आली आणि मिरजेकडची गाडी सुटलेली असली, तर वरातीतली माणसं आप्पांना आईबहिणीवरून बोलायची. आप्पा हातात झेंडी घेऊन गाडी जाईपर्यंत उभे. असा माणूस त्या घटकेला आराम करतोय असं मला कधी वाटलं नाही.

आणि मग ते २४ तास. त्या २४ तासांत फाटक तर उघडं टाकता येत नाही. त्यासाठी रेल्वेत एक वेगळं पद असतं, ‘रेस्ट गिव्हर’. बोलण्यात आरजी. त्याची नोकरीच ही की आज या फाटकावर, उद्या त्या, परवा तिसऱ्या, आणि जिथं जाईल तिथल्या माणसाला त्याची रेस्ट द्यायची. आमच्याकडे अळणावर बाजूचे एक कन्नड गृहस्थ यायचे. आम्ही त्यांना आरजीमामा म्हणायचो. पॅसेंजरनं यायचे, हातात डबा आणि कापडी पिशवी. आप्पा त्यांच्याशी मोडक्या कन्नडमध्ये बोलायचे, ते आप्पांशी मोडक्या मराठीत. एक नोव्हेंबरला आमच्या घरी काळा दिन असायचा, त्यांच्या गावी राज्योत्सव, आणि एखाद्या वर्षी नेमकी त्याच दिवशी आप्पांची रेस्ट पडली की दोघं फाटकाच्या खोलीत चहा पिऊन चार्ज द्यायचे-घ्यायचे. रजिस्टरवर सही, दिवा, झेंड्या, डिटोनेटर (रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके) मोजून. मग आप्पा घरात येऊन दाढी करायचे. आठवड्यातून एकदाच, निवांत, आरशासमोर बसून. रेस्ट म्हटलं की मला त्या साबणाचा वास येतो.

पण आरजीमामा दर आठवड्याला यायचेच असं नाही. दुसऱ्या फाटकावरचा माणूस आजारी पडला, बदलीला माणूस नाही, की त्यांना तिकडं वळवायचे. आई अंगणात उभी राहून पॅसेंजर जाताना बघायची आणि आत येऊन म्हणायची, “आज पण आला न्हाई गे आरजी. बुडाली ह्यांची रेस्ट.” चिंचलीच्या मायाक्कावर आईची फार श्रद्धा. माघ पौर्णिमेची जत्रा भरते तेव्हा आमच्या दारावरूनच गाड्या भरभरून जायच्या. उभ्या नोकरीत आप्पा त्या जत्रेला दोनदा गेले. कायद्यानं रेस्ट होती, रोस्टरवर नाव होतं, वरिष्ठही वाईट नव्हते. फाटकावर उभं राहायला दुसरा माणूस नव्हता.

भावोजींना आणि काकांना मला हेच सांगायचंय. सुट्टी कायद्यात लिहिली, पगारात मोजली, तरी ती मिळते फक्त तेव्हाच जेव्हा तुमच्या जागी उभं राहायला कुणीतरी येतं. इंग्लंडातला रविवारचा तंटा आणि हुबळी विभागातली रेस्टची रड एकाच कारणानं आहेत. दोन्हीकडे हा दुसरा माणूस नेमायचं टाळलं गेलंय.

इथला प्रकार आधी नीट सांगते, कारण माझ्या दोन ओळींमुळे ग्रुपवर गैरसमज झाला. इथं बऱ्याच कंपन्यांत ड्रायव्हर किंवा गार्डचा कामाचा आठवडा सोमवार ते शनिवार असा आहे. रविवार त्याच्या बाहेर. ही पद्धत सरकारी ब्रिटिश रेलच्या काळापासूनची. नव्वदच्या दशकात खासगीकरण झालं तेव्हा गाड्या चालवायला घेणाऱ्या कंपन्यांकडे हे जुने करारही आले. रविवारी गाडी चालवायची तर माणसानं स्वखुशीनं जादा काम घ्यायचं आणि त्याचे वेगळे पैसे मिळायचे. आमच्याकडच्या कंपनीत तर पेनाइन डोंगराच्या पूर्वेकडच्या गार्डांचा रविवार कामाच्या आठवड्यात धरलेला आहे आणि पश्चिमेकडच्यांचा बाहेर. काम तेच, मालक एक, मधे एक रेघ. मी सीमाभागात वाढले. रेघेच्या अलीकडे पलीकडे माणसाचे हक्क कसे बदलतात हे मला इथं कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

ही व्यवस्था इतकी वर्षं टिकली कारण ती दोघांनाही सोयीची होती. कंपनीला रविवारसाठी वेगळी माणसं नेमायला, शिकवायला, त्यांचं पेन्शन भरायला नको. कामगाराला घराचे हप्ते फेडायला रविवारचे जादा पैसे. मग महागाई आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथला महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला होता. जूनमध्येच आरएमटी या रेल्वे संघटनेचे देशभर संप सुरू झाले होते, मग ड्रायव्हरांची आस्लेफ उतरली. एप्रिल २०२३ मध्ये कंपन्यांनी ड्रायव्हरांना दोन वर्षांसाठी चार-चार टक्के देऊ केले आणि त्याला कामाच्या पद्धती बदलायच्या अटी जोडल्या, ज्यांत रविवारही होता. संघटनेनं नाकारलं. शेवटी सरकार बदलल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचे मिळून सुमारे १५ टक्के ठरले, अटींशिवाय, आणि मतदानात ९६ टक्क्यांहून जास्त लोकांनी ते मान्य केलं. दोन वर्षांचा संप संपला. रविवार होता तिथंच राहिला.

पगारवाढ त्यांना मिळायलाच हवी होती असं माझं मत आहे, आणि ते मी दुरून बघून बनवलेलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या नर्सांच्या संघटनेनं आपल्या १०६ वर्षांच्या इतिहासातला पहिला एवढा मोठा संप केला, तेव्हा थंडीत हातमोजे घालून मीही हॉस्पिटलच्या दारात उभी होते. ड्रायव्हरांचा पगार तेव्हा सरासरी ६० हजार पौंडांच्या घरात होता. भावोजी म्हणतात तसा तो चांगला आहेच. गार्डांचा त्याहून बराच कमी. पण चांगला पगार मिळतो म्हणून महागाईनं त्यातला घास काढून घ्यावा, हा न्याय मला पटत नाही.

संघटनांशी माझा मतभेद आहे तो रविवारवर. रविवार मर्जीवर ठेवू नये. माझा रविवार मर्जीवर नाही. तो माझ्या साडेसदतीस तासांच्या आठवड्यात मोजलेला असतो, सहा आठवडे आधी रोस्टरवर येतो. माझ्या श्रेणीला शनिवारी ३० टक्के आणि रविवारी ६० टक्के जादा मिळतात आणि त्या बदल्यात मधल्या वारी सुट्टी. वॉर्डातल्या रुग्णाला वार कळत नाहीत. स्टेशनावर उभ्या असलेल्या बाईलाही, जिची आई दोन गावं पलीकडे एकटी आहे, रविवार हा भेटायला जायचा एकमेव दिवस असतो. रविवार कामाच्या आठवड्यात घ्यावा, पण आठवड्याचे एकूण तास वाढवू नयेत आणि तेवढी माणसं आधी नेमावीत. ड्रायव्हरांची संघटना स्वतःही तत्त्व म्हणून हेच म्हणत आलीय. अडतं ते खर्चाशी. माणसं नेमायला पैसे लागतात, आणि ओव्हरटाइमची सवय झालेल्यांना मिळकत कमी होण्याची भीती असते. दोन्ही खऱ्या अडचणी आहेत. तरी ओव्हरटाइमवर चालणारी रेल्वे शेवटी कुठं जाते हे या देशानं एकदा बघितलंय.

१२ डिसेंबर १९८८, सोमवारची सकाळ. लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ कामावर निघालेल्या लोकांनी भरलेली एक गाडी उभ्या गाडीवर मागून आदळली. ३५ माणसं मेली, पाचशेच्या आसपास जखमी झाली. सिग्नल लाल दाखवायला हवा होता, त्यानं दाखवला नाही. चौकशीत निघालं की दोन आठवड्यांपूर्वी, एका रविवारी, नवं वायरिंग करताना जुनी एक तार कापायची राहिली होती. तिचं उघडं टोक परत जाऊन जागेवर टेकलं. ते काम करणारा तंत्रज्ञ अनुभवी होता. मागच्या तेरा आठवड्यांत त्यानं एकच दिवस सुट्टी घेतली होती. सगळा ओव्हरटाइम, सगळा स्वखुशीचा. कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली नव्हती आणि कुणी त्याला घरीही पाठवलं नव्हतं. अँथनी हिडन यांच्या चौकशी अहवालानंतर इथं रेल्वेच्या सुरक्षेच्या कामांना मर्यादा आल्या: एका पाळीत १२ तास, आठवड्याला ७२, चौदा दिवसांत तेरा पाळ्या. त्या मर्यादासुद्धा मला सैल वाटतात. पण मला त्या अहवालातलं सारखं आठवतं ते तेरा आठवडे आणि एक दिवस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आप्पांना फोन केला होता. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “त्याला आरजी नव्हता म्हण की.”

आता आपल्याकडचं. आठवड्याची सुट्टी ही साहेबाची देणगी आहे असं आपल्यातही पुष्कळांना वाटतं. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या सहा वर्षांच्या झगड्यानं, १० जून १८९० ला. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मागितला. रेल्वेच्या कामाच्या तासांचा पाया घालणारा निवाडाही एका मराठी माणसाचाच, मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांचा, १९४७ चा. काकांनी शाळेत पिढ्या शिकवल्या. ही दोन नावं ते मुलांना नक्की सांगू शकले असते.

रनिंग स्टाफला, म्हणजे ड्रायव्हर-गार्डना, आठवड्याची रेस्ट सरळ लागूच होत नाही. त्यांना महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच रेस्ट. आता माझ्या मामेभावाचा हिशेब बघा. शुक्रवारी रात्री दहाला तो हुबळीला साइन ऑफ करतो, म्हणजे ड्युटी संपवतो. तिथून ३० तास म्हणजे रविवारी पहाटे चार. चारला हजर व्हायचं तर दोनला बोलावण्याचा कॉल. म्हणजे शुक्रवारची रात्र दमून पडण्यात गेली, शनिवारची रात्र मधेच मोडली, आणि कागदावर त्याची आठवड्याची रेस्ट पूर्ण झाली. शिवाय आठ तासांवरच्या कुठल्याही फेरीनंतर मुख्यालयाला, म्हणजे नेमणुकीच्या गावी, १६ तासांची रेस्ट मिळतेच. १ जून २०२४ पासून दक्षिण रेल्वेतले काही लोको पायलट ४६ तास घरी थांबू लागले ते याच कारणानं: फेरीनंतरचे १६ वेगळे, आठवड्याचे ३० वेगळे. तसं मोजलं तर माझा भाऊ रविवारी रात्री आठपर्यंत घरी राहील. दोन पूर्ण रात्री आणि मुलीबरोबर एक आख्खा दिवस. त्या लोकांवर कारवाई झाली. मला त्यांची मागणी शंभर टक्के रास्त वाटते आणि ती मान्य होईपर्यंत ती मागत राहावी असंही वाटतं.

ती मान्य होत नाही त्याचं कारण आकड्यांतच सापडतं. जानेवारी २०२४ मध्ये रेल्वेनं असिस्टंट लोको पायलटच्या ५,६९६ जागा काढल्या. १७ जूनला बंगालमध्ये कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीनं मागून धडक दिली, आणि त्याच आठवड्यात त्या जागा १८,७९९ करायचं ठरलं. ही तेरा हजार माणसं मालगाडी आदळायच्या आधीही हवीच होती. तोवर त्यांच्या वाटणीचं काम कुणाच्या तरी झोपेतून निघत होतं.

रात्रपाळी भत्त्याचंही असंच. मूळ पगार ४३,६०० च्या वर गेला की रात्रपाळीचा भत्ता बंद, असा नियम काही वर्षांपूर्वी आला आणि स्टेशनमास्तरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. वीस वर्षं नोकरी झालेला मास्तर रात्री दोनला जागाच असतो, आणि वयामुळे त्याला ती रात्र जास्त जड जाते. माझ्या वॉर्डातल्या सिस्टरना माझ्याहून पगार जास्त, तरी रात्रीची टक्केवारी त्यांनाही लागते.

काका, १९७४ चं तुम्ही काढलंत म्हणून. ८ मेला संप सुरू झाला, वीस दिवस चालला, सुमारे १७ लाख माणसं. पुढारी मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस. मागण्यांत आठ तासांचा दिवस होता आणि बोनस होता. हजारोंना तुरुंगात टाकलं, नोकऱ्या गेल्या, कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढलं. संप मोडला हे खरंच. पण पाच वर्षांनी उत्पादकतेशी जोडलेला बोनस रेल्वेत सुरू झाला, आणि गेली कित्येक वर्षं दसऱ्याच्या आधी ७८ दिवसांचा बोनस जाहीर होतो. महिना ७,००० रुपये धरून मोजतात, म्हणून जास्तीत जास्त १७,९५१ रुपये हातात पडतात. बोनस झाला की आप्पा खानापुरातून पेढे आणायचे. पहिला पुडा तुमच्या घरी जायचा.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहिते. बेळगाव स्टेशनावर मराठीतून घोषणा व्हावी, पाटीवर मराठी असावं, असं मला मनापासून वाटतं आणि त्यासाठी घरचे जे करतात त्याचा मला अभिमान आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेच्या वादातून एका बस कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबल्या. त्या दिवसांत मिरज आणि लोंढा यांच्यामधे गाड्या चालू राहिल्या. आई तपासणीला मिरजेला रेल्वेनंच गेली. ती गाडी चालवणारे, फाटक लावणारे, रूळ तपासत चालणारे कुठल्या भाषेचे होते हे तिनं विचारलं नाही, पण त्यातल्या किती जणांची त्या आठवड्याची रेस्ट बुडाली हेही आपल्यापैकी कुणी विचारलं नाही. पाटीसाठी आपण मोर्चा काढतो. आमच्या भागातल्या फाटकांवर आणि लहान स्टेशनांवर आरजीच्या जागा किती आणि त्यांतल्या भरलेल्या किती, हा प्रश्न आपल्या खासदारांना एकदा तरी विचारायला हवा. दोन्ही भाषांतल्या माणसांनी मिळून विचारला तर आणखी चांगलं.

माझी गाडी त्या रविवारी रद्द झाली याचा मला राग आला होता, अजूनही आहे. पण घरी बसलेल्या त्या गार्डवर तो नाही. मुलाची फुटबॉलची मॅच बघायला गेला असेल, किंवा झोपला असेल. त्याच्या जागी यायला कुणी ठेवलंच नव्हतं.

काल रविवार होता आणि मला सुट्टी होती. दुपारी आप्पांना फोन लावला. त्यांनी जेवण विचारलं, थंडी विचारली. मग त्यांना कळलं की आज ड्युटी नाही, तसं त्यांनी विचारलं, “आणि तुझ्या जागी कोण आलंय?”

“केरळची एक मुलगी आहे, आप्पा. नवी लागलीय.”

“आली न्हवं वेळेवर?”

“आली.”

“मग झोप जा,” म्हणाले, आणि त्यांनीच फोन ठेवला.